चारनंतरच्या नोंदी

ती सरांच्या केबिनमध्ये शिरली. पीएचडीसाठी सहा वर्षं ती पेशीतलं ओझं वाहणाऱ्या प्रथिनांमागे लागली होती. एवढासा रेणू, पण इंधन खाऊन धाग्यावरून पाऊल पाऊल चालतो. त्याला बारीक मणी चिकटवायचा, मणी आपसूक किती थरथरतो ते मोजायचं, मग लेझरने ढोसून किती सरकतो ते बघायचं. निपचित वस्तूची थरथर मोजली, की ढोसल्यावर ती किती सरकेल ते आधीच सांगता येतं. चालत्या रेणूपुढे हा नियम मोडतो, आणि किती मोडला त्यावरून इंधन किती वाया गेलं ते कळतं. सरांनी मात्र छापायला निघालेल्या दोघांच्या लेखात डंका पिटला होता, की आमचे रेणू चालतानाही नियम पाळतात.

काल तिने लेखात घेतलेल्या नोंदींच्या वेळा पाहिल्या. झाडून सगळ्या दुपारी चारनंतरच्या. सकाळी घातलेलं इंधन तोवर संपायचं आणि रेणू धाग्याला चिकटून थिजायचे. खालची काच कणाकणाने सरकत होती, तेच या शहाण्यांना चालणं वाटलं! बरं, वेड्यावाकड्या धावणाऱ्या नोंदी गाळणारा प्रोग्राम लिहिला कुणी? हिनेच. सर म्हणाले कचरा काढ, हिने मुकाट काढला, वर शाबासकीने फुगली. शी! तिला स्वतःचीच किळस आली.

सरांनी बिस्कीट चावत सगळं ऐकून घेतलं. त्यांना म्हणे वर्षभरापासून ठाऊक होतं.

"नीटनेटका आलेख कुणाला नको असतो?" ते म्हणाले. "लेखावर सही कर, पदवी घे आणि मोकळी हो."

त्या सहीशिवाय सर तिचा प्रबंध पुढे पाठवणार नव्हते. आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

"माझं नाव काढा, सर."

त्यांनी वादसुद्धा घातला नाही. लेखावरच्या तिच्या नावावर रेघ मारली आणि जाताना प्रयोगशाळेतल्या धाकट्या विद्यार्थिनीला आत पाठव म्हणाले. त्यांच्या ओठांवरच्या बिस्किटाच्या चुऱ्याकडे तिला बघवेना.

टेबलाशी येऊन तिने गाळलेल्यांतली सकाळची पहिली नोंद उघडली. मणी धावला, अडला, दोन पावलं मागे आला, पुन्हा सुटला. तिने हिशेब मांडला. नियम साफ मोडला होता. पदवी तर गेलीच होती. तिने वहीत आकडा लिहिला, तारीख घातली आणि खाली सही केली.