बरोबरच्या पलीकडचा मी

मी शून्य बोलतोय. परीक्षेत लाल शाईनं मिळतं ते नव्हे. वर्गसमीकरणात बरोबरच्या चिन्हापलीकडे एकटा बसतो ना, तो मी. लोक म्हणतात, "तिथे तर काहीच नाही!" म्हणू देत. माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही.

माझा अधिकार ऐका. दोन संख्यांचा गुणाकार मी असेन, तर त्यांतल्या एकीला तरी शून्य व्हावंच लागतं. हा मान दुसऱ्या कुठल्याही संख्येला नाही.

काचेच्या कारखान्यातली एक बाई मला शिकत होती. नव्या यंत्रावर बसायला दहावीचं गणित सुटलेलं हवं, आणि तिचं दोनदा राहिलं होतं. यंदाही राहिलं, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. शिकवायला तिची थोरली नणंद, निवृत्त शिक्षिका.

बाईची खोड एकच. मला न मांडताच उत्तर काढायची.

"क्ष गुणिले कंसात क्ष अधिक दोन, बरोबर अठ्ठेचाळीस. म्हणजे क्ष अठ्ठेचाळीस!"

"अगं, अठ्ठेचाळीस सहा आठं पण होतं आणि चार बारं पण. त्याचा काय भरवसा? आधी सगळं डावीकडे आण, उजवीकडे शून्य बसव."

"काहीच नसलेल्याचा एवढा थाट, ताई?"

"आहेच तेवढा."

नणंदबाई मला फार आवडल्या.

परीक्षेत तीन गुणांचा प्रश्न आला: काचेची लांबी रुंदीपेक्षा दोन फुटांनी जास्त, क्षेत्रफळ अठ्ठेचाळीस चौरस फूट, तर रुंदी किती? सवयीनं तिनं अठ्ठेचाळीस उजवीकडे लिहिलं. माझा जीव टांगणीला लागला. पेन थांबलं. मग तिनं ते खोडलं, वजा करून डावीकडे नेलं आणि मला बसवलं, चांगलं गोल गरगरीत. मधल्या दोन क्षची फोड झाली, अधिक आठ क्ष आणि वजा सहा क्ष. दोन कंस तयार झाले: क्ष अधिक आठ, क्ष वजा सहा. मी दोघांनाही दरडावलं, "बोला, शून्य कोण होतंय?" मुळं निघाली, वजा आठ आणि सहा.

"वजा आठ फुटांची काच कोण कापणार?" असं पुटपुटत तिनं पहिलं बाजूला सारलं. रुंदी सहा फूट!

निकालाच्या दिवशी नणंदेनं विचारलं, "किती?"

"पस्तीस, ताई. अगदी काठावर."

"काठावर का होईना, सुटलीस ना!" नणंदेनं तिला पोटाशी धरलं.

आता ती यंत्रावर बसते आणि मी जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात पडून आहे. तक्रार नाही. अवयव पाडण्याआधी मला माझी जागा द्या, एवढंच मागणं. त्या पस्तिसात मी कुठेच दिसत नाही. पण त्यातले तीन गुण माझे आहेत. वजाबाकी तुम्हीच करा.