मोकळा भात

मुखरू म्हाताऱ्याचे दात गेले, तसा घरात गिचका भात शिजू लागला. त्याचा लेक वारलू रोज बायकोवर करवादायचा, "एवढं धान पिकवतो मी, मंग पेज काऊन खाऊ?"

चंदा सासऱ्याकडं बघत म्हणायची, "मामाजीले चावत नाई."

शेवटी शेवटी तर तो भातही कुस्करून वारलूलाच बापाच्या तोंडात भरवावा लागे. भरवतानाही तो कुरकुरायचा.

ब्याऐंशीच्या पौषात म्हातारा गेला. तेरवी उरकल्यावर चंदानं मोकळा भात वाढला, शिताला शीत न चिकटलेला. वारलूनं त्यावर वरण घेतलं आणि खाली मान घालून भात कुस्करू लागला.

"कच्चा राह्यला का?" चंदानं विचारलं.

"नाई, चांगला झाला," तो म्हणाला. पण बोटं काही थांबेनात.