सूपभर कोंडा

माझं नाव कविता. आधार कार्डावर, अंगणवाडीच्या कागदांत, बचत गटाच्या पासबुकात, सगळीकडे कविता. पण हे नाव मला लग्नात मिळालं. ताटात तांदूळ पसरले, नवरदेवानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं आणि मी हुश्श केलं. त्याआधीची एकोणीस वर्षं मी कोंडाबाई होते.

हसा. सगळेच हसायचे. शाळेत मास्तरांनी माझी हजेरी घेतली की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, भुकेला कोंडा, निजेला धोंडा. घरोघरी टीव्ही आले आणि डोक्यातल्या कोंड्याच्या जाहिराती लागायला लागल्या, तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं, हे माझं नशीब. पण खरं दुःख चिडवण्याचं नव्हतं. कारण काहीही असो, आपल्या आईनं पोटच्या पोरीला धान कांडल्यावर उरणाऱ्या भुश्शाचं नाव द्यावं, हे मला लागायचं. तिला मी कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हाही विचारलं नाही.

अंगणवाडीत पस्तीस वर्षं गावच्या पोरींची नावं मीच लिहीत आले. त्यामुळे धानाची वाणं यावीत आणि जावीत तशी नावं येता-जाताना मी पाहिली आहेत. सुरुवातीला वनिता, रंजीता, सुनंदा. मग एकाच वर्षी चार करिश्मा. मोठी करिश्मा, गोरी करिश्मा, नथ्थूची करिश्मा, आणि चौथीला नुसतं 'ए पोरी'. मग दिव्यानी आल्या, श्रावणी आल्या. आता कियांशी आणि अनायरा आहेत. अर्थ विचारला की आईबाप खिशातून मोबाईल काढतात. काढू देत बापडे. ज्या नावाचा अर्थच कोणाला ठाऊक नाही, त्यावरून पोरीला कोणी चिडवत तरी नाही. कोंडाबाई मात्र माझ्या रजिस्टरात एकदाही आली नाही. आली असती तर मी आईबापाला दारातूनच परत पाठवलं असतं.

माझा मुलगा आदेश ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहतो. सून रीता शाळेत विज्ञान शिकवते. हुशार आहे, तोंडाची फटकळ आहे, आमचं चांगलं जमतं. तिला पहिली मुलगी झाली. पोटात असतानाच नाव ठरलं होतं, आर्ही. सतरा दिवस राहिली. मग मुलगा झाला, विहान. त्याचं नाव तर पाळण्याच्या वरच्या भिंतीवर रंगीत अक्षरांत चिकटवलेलं होतं. तो अकरा दिवस.

तिसरी ही मुलगी, मोहफुलं पडायच्या दिवसांत ब्रह्मपुरीला झाली. रीताला आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी पोरीला तीनदा तपासलं आणि ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मीही दर आठवड्याला तिला अंगणवाडीच्या काट्यावर ठेवत होते, वजन वाढत होतं. मला काळजी पोरीची नव्हती, रीताची होती.

रीता वेळेवर पाजायची. आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायची, लशीची तारीख चुकवायची नाही. पण पोरीच्या तोंडाकडे बघायची नाही. पाजताना नजर भिंतीवर. पाजून झालं की पोर माझ्या मांडीवर आणून ठेवायची, शेजारणीचं भांडं परत करावं तशी. बारशाचा विषय निघाला की उठून जायची. आदेशनं एकदा फोनवर नावांची यादी वाचायला घेतली, तर तिनं फोनच बंद केला. महिना झाला, चाळीस दिवस झाले, पोर आपली 'ती'च. ती उठली. तिला भूक लागली. अशानं ही पोर कोणाची होणार?

अशात माझी मोठी बहीण सुगंधाबाई पोरीला बघायला आली. वैनगंगेपलीकडे, जंगलाला लागून आमचं माहेर आहे, तिथून. उन्हातून आली, ओट्यावर बसली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "कोंडे, पाणी दे वं."

एवढी वर्षं मी तिला बजावत आले होते. माझ्या सासरी हे नाव काढायचं नाही म्हणून. रीतानं मान वर केली आणि कोंडे म्हणजे कोण, असं विचारलं. मी पाण्याचा तांब्या आदळून स्वयंपाकघरात निघून गेले. भांडी मुद्दाम वाजवली, पण सुगंधाचा आवाज भांड्यांना भारी आहे. मला आत सगळं ऐकू येत होतं.

माझ्याआधी आईची तीन लेकरं गेली होती, हे मला ठाऊक होतं. कलाबाई नावाची सुईण होती, जंगलातल्या पाड्यावरची. तिनं आईला सांगितलं, हे लेकरू आपलं म्हणून ठेवू नको, परक्याचं म्हणून विकत घे. तिनं मला सुपात घातलं, तिठ्यावर नेलं आणि गिऱ्हाईक बोलावलं. आईनं मला सूपभर कोंडा देऊन घेतलं. जी किंमत, तेच नाव. कोंड्याच्या मोलाच्या पोरीवर कोण नजर ठेवणार? इतकं मी लहानपणापासून ऐकत आले होते.

पुढचं मला माहीत नव्हतं. सुगंधा तेव्हा दहा वर्षांची होती, तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आई पहिल्यांदा तिठ्यावर आली ती बियाण्याचं धान घेऊन. पेरणीसाठी राखलेलं. कलाबाई तिच्या अंगावर ओरडली, लेकरू जगवायचं आहे की नाही, म्हणाली, आणि परत पाठवलं. आई घरी गेली आणि तांदूळ घेऊन आली. कलाबाईनं पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी आईनं कोंडा आणला.

"पण त्या कोंड्यातई तिनं मूठभर तांदूळ लपवले होते," सुगंधा म्हणाली. "कलाबाई तिथीच उन्हात बसली अन् एक एक दाणा वेचून काढला. आई रडून राह्यली होती. म्हणे, माझ्या पोरीले नुसत्या कोंड्यात कशी घेऊ?"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, चुलीपुढं उभी राहून लहान पोरीसारखी रडले. आईला विचारायला हवं होतं. तिला किती वाईट वाटलं असेल, मी लग्नानंतर ते नाव टाकून दिलं तेव्हा. मी खुशाल हसत तिच्या पाया पडले होते.

रीता आत आली. मी तोंड पुसलं. तिनं विचारलं, आपण असं करायचं का? मी तिला फाडकन म्हणाले की तू पोरांना विज्ञान शिकवतेस, लाज वाटत नाही का.

"याच्यानं काई होत नाई, हे मले माहीत हाय," ती म्हणाली. "पण आई, मी माझी म्हटलं का लेकरू जाते. दुसऱ्याची म्हणून घेता आलं तर घेईन."

तरी मी दोन दिवस अडून बसले. माझ्या नातीला ते नाव मिळू देणार नाही, हे एक कारण. दुसरं कारण मी सांगत नव्हते. कलाबाई केव्हाच वारली होती. सुगंधाचं म्हणणं, जी स्वतः अशी विकली गेली आणि जगली, तिनंच पोर तिठ्यावर न्यायची. म्हणजे मी. आणि विकणारीनं आधी आपलं नाव सांगायचं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रीतानं पोर पाजली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "घ्या तुमची." मी उठले आणि सूप काढलं.

हातपंपाजवळच्या तिठ्यावर मी जाऊन उभी राहिले. सुपात माझं जुनं लुगडं, त्यात पोर. पाण्याला आलेल्या बाया बघायला लागल्या. यांतल्या निम्म्या जणींना मी अक्षरं शिकवली आहेत. नथ्थू मोटरसायकलवरून जात होता, त्यानंही गाडी बंद केली.

"मी कोंडाबाई," मी म्हणाले. "माझ्याजवळ पोरगी हाय. कोणी घेता का?"

कोणी हसलं नाही. मी दुसऱ्यांदा म्हटलं, जरा मोठ्यानं.

रीता घरातून आली. हातात राईस मिलमधून आणलेला कोंडा, दुसऱ्या सुपात. सुगंधानं तिला पढवलं होतं. लगेच घ्यायचं नाही. बाजारात वांगी घेताना काढतो तशी खोट काढायची, नाक मुरडायचं, उपकार केल्यासारखं घ्यायचं.

खोट काढायची म्हणजे बघावं लागतं.

रीतानं सुपात पाहिलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा. कपाळ पाहिलं, कान पाहिले, बोटं उलगडून पाहिली. पोर जागी होती, तीही टकामका बघत होती. बायांच्या घागरी भरून झाल्या तरी रीता बघतच होती. सुगंधा मागून तिला ढोसत होती.

"नाक," रीता म्हणाली, "नाक जरासं..." तिच्या हातातलं सूप कलंडलं, कोंडा माझ्या पायांवर पडला. तिनं दोन्ही हातांनी पोर उचलली आणि तिच्या नाकावर, गालांवर, डोळ्यांवर तोंड टेकवत राहिली. सौदा वगैरे सगळं राहिलं बाजूला. सुगंधा कपाळावर हात मारून घेत होती आणि हसतही होती.

मग पोरीला छातीशी धरून रीता घराकडे वळली आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "कोंडे, चाल व माय घरी."

आणि मी म्हणाले, "आली."