खुर्चीच्या उंचीवरची पाटी

पेट्रोल पंपाच्या ऑफिसचं दार उघडलं तेव्हा आतून असा भपकारा आला की धाकटा दीर दोन पावलं मागे सरला. त्याची वहिनी मात्र जागची हलली नाही. तिने नाकाखाली बाम चोळला, केसांना फडकं बांधलं आणि आत पाय टाकला. या धंद्यात तिची वीस वर्षं गेली होती. जुन्या दुकानांच्या, गॅरेजांच्या, बंद पडलेल्या कारखान्यांच्या पाट्या उतरवायच्या, साफ करायच्या आणि हौशी लोकांना विकायच्या. लोखंडी पत्र्यावर भाजलेल्या रंगाची एनॅमलची पाटी ती लांबून नुसती बघून खरी की खोटी सांगायची. बाजारात तिला सगळे पाटीवालीच म्हणत. नवरा दुकानात बसून पाट्या घासायचा, दीर टेम्पो चालवायचा आणि शिडीवर चढायचा. दीर मनाचा वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

मोठा रस्ता दुसरीकडून गेला आणि अकरा वर्षांपूर्वी पंप बंद पडला. मालक गेल्या वर्षी वारले. सगळे त्यांना काका म्हणायचे. आता जागा विकायची होती, म्हणून त्यांच्या मुलीने, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंनी, फोन करून यांना बोलावलं होतं. किल्ल्या देऊन बाई बाहेर आपल्या गाडीत बसल्या. वास सहन होत नाही म्हणाल्या. काय हवं ते न्या, फक्त बाबांच्या खुर्चीमागची हरणाची पाटी माझ्यासाठी नीट उतरवून द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. ती त्यांना बैठकीच्या खोलीत लावायची होती.

आतलं दृश्य बघून पाटीवालीने नाकाखाली पुन्हा बाम चोळला. फुटक्या खिडकीतून शिरून कबुतरांनी संसार मांडला होता. टेबल, कपाट, पंखा, सगळ्यावर विष्ठेचा करडा थर चढला होता आणि त्यात दोन पिल्लं मरून वाळून चिकटली होती. टेबलाचा खण ओढला तर पावत्यांच्या कुरतडलेल्या चिंध्यांमधून उंदराचं ओलं, गुलाबी काहीतरी वळवळलं. तिने खण तसाच लोटला. कोपऱ्यातला फ्रिज दिराने हौसेने उघडला आणि लगेच आदळून बंद केला. आत एकेकाळी दूध होतं की काय होतं, ते आता काळ्या केसाळ गोळ्यासारखं खाली ओघळलं होतं. दीर बाहेर जाऊन थुंकून आला.

पण माल चांगला होता, हे खोटं नाही. पंपाच्या डोक्यावरचा काचेचा गोल दिवा शाबूत निघाला. हवा भरायच्या यंत्राची पाटी, टायरची पाटी, तेल मोजायची पितळी मापं. दुपारपर्यंत दोघांनी नऊ पाट्या उतरवल्या. एकेक स्क्रू गंजून पत्र्याशी एकजीव झाला होता. तेल सोडा, थांबा, ठोका, शेवटी ड्रिलने कापा. दिराचे हात सोलून निघाले.

शेवटी राहिली हरणाची. कुठल्याशा इंजिन ऑइलची जाहिरात. निळ्या रंगावर झेप घेणारं पांढरं हरीण, एकाही कोपऱ्यात टवका नाही की ओरखडा नाही. पाटीवालीला ती तोंडपाठ होती. पूर्वी ती स्वतः टेम्पो चालवत जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनांना जायची तेव्हा येता-जाता याच पंपावर थांबायची. आठ वर्षं, वर्षातून चार-पाच फेऱ्या. त्या रस्त्यावर बायकांना जाण्यासारखी स्वच्छ जागा एवढी एकच. काका स्वतः खुर्चीतून उठायचे, लाकडी बिल्ला लावलेली किल्ली हातात द्यायचे आणि म्हणायचे, "निवांत या ताई. घाई नाही." किती सभ्य माणूस, असं तिने घरी जाऊन कितीदा सांगितलं होतं.

पाटी फार खाली लावली होती. हे तिला पूर्वीही खटकलं होतं. पाटी लावायची म्हणजे माणसाच्या डोक्याच्या वर, येणाऱ्याला दिसेल अशी. ही खुर्चीच्या पाठीमागे, बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येईल एवढ्या उंचीवर. खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसलं तरच नीट दिसावी. तिने स्क्रू शोधले. चार भोकांपैकी तीन रिकामी होती. फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच स्क्रू होता आणि त्याला गंज नव्हता. बोट लावलं तर बोटाला पिवळं ग्रीस लागलं.

तिने पाटीच्या कडेला हात लावून जरा ढकललं. पाटी आवाज न करता बाजूला झुलली. भिंतीच्या रंगावर पाटीच्या कोपऱ्याने घासून घासून अर्धगोल रेघ उमटली होती. रेघेच्या आत, बरोबर मध्ये, चिंधीचा बोळा कोंबलेला होता. दिराने तो ओढून काढला. मागे अंगठ्याएवढं भोक होतं.

भिंतीपलीकडे काय आहे ते तिला माहीत होतं. तरी खात्री करायला ती बाहेर पडली आणि वळसा घालून बायकांच्या संडासात शिरली. फरशीवर पानांचा चिखल, भांड्यात काळं डबकं, त्यावर डास. भिंतीत हवेसाठी पत्र्याची नक्षीदार जाळी बसवलेली होती. याच जाळीखाली पर्स टांगायचा खिळा होता, तो अजून तसाच होता.

"भाऊजी, भोकाला बॅटरी लावा," ती म्हणाली.

जाळीच्या नक्षीतल्या एका फुलातून उजेडाची काठी आत आली आणि सरळ समोरच्या भांड्यावर पडली.

ती तिथेच उभी राहिली. कबुतरांची घाण, फ्रिजमधला गोळा, उंदराची पिल्लं, यांपैकी कशानेही झालं नव्हतं असं काहीतरी तिच्या अंगावरून चढत गेलं. पाठ, मान, केसांची मुळं. जणू कुणीतरी ओशट हात फिरवला होता आणि तो पंधरा वर्षांपूर्वीच फिरवून झाला होता. तिला आता पुसताही येणार नव्हता. "निवांत या ताई." तिने तोंड दाबलं, तरी दाराबाहेर जाऊन ओकलीच.

परत आली तर दीर खुर्चीत बसून भोकाला डोळा लावून हसत होता. म्हातारा भलताच रंगेल निघाला म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने आवाज उतरवला. बाहेर बाई आहेत, त्यांना कशाला सांगायचं? माणूस मेला, विषय संपला. त्यांची पाटी त्यांना द्यावी, भोकात बोळा परत कोंबावा आणि निघावं. आणि बाईंना पाटी नकोच झाली तर आपल्याला सोन्याहून पिवळं. हा किस्सा सांगून विकली तर गिऱ्हाईक उड्या मारेल.

"भाऊजी, त्या प्रदर्शनांच्या फेऱ्यांना माझ्यासोबत कोण असायचं?" तिने विचारलं.

दिराच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यातला जीव गेला. प्रत्येक फेरीला तिची जाऊ बरोबर असायची. म्हणजे याची बायको. तो खुर्चीतून उठला, हात पँटला पुसले, पुन्हा पुसले आणि टेम्पोकडे गेला.

बाईंनी गाडीतूनच विचारलं, पाटी निघाली का. पाटीवालीच्या मनात एकदा आलं की द्यावी कागदात गुंडाळून. मग तिला बाईंची बैठक दिसली. पाहुणे येणार, हरणाचं कौतुक करणार, बाई बाबांच्या आठवणी सांगणार. ते हरीण आपल्या हाताने त्यांच्या हातात द्यायचं, या कल्पनेनेच तिला शिसारी आली.

"मॅडम, जरा आत या," ती म्हणाली. "नाकाला रुमाल लावा."

तिने शब्द फार वापरले नाहीत. पाटी झुलवून दाखवली, भोक दाखवलं, पलीकडे काय आहे ते सांगितलं. बाई वाकून बघायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. त्यांनी खुर्चीकडे बघितलं. आता या आपल्याला खोटं पाडणार, आपल्यावरच चिडणार, असं पाटीवालीने धरून ठेवलं होतं. पण बाई चिडल्या नाहीत.

"आई मला इथल्या संडासात कधीच जाऊ द्यायची नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मी नोकरीला लागले होते तेव्हासुद्धा. मागच्या झाडीत न्यायची आणि स्वतः आडोसा धरून उभी राहायची. मी म्हणायचे, अगं, एवढी स्वच्छ जागा आहे. ती म्हणायची, तुला नाही कळायचं."

"म्हणजे त्यांना माहीत होतं."

"माहीत होतं. आणि रोज दुपारी बाबांना गरम डबा पाठवायची." बाईंनी रुमाल नाकावरून काढला. "मला वाचवलं तिने. फक्त मला."

पाटीवालीने पाटी पुन्हा भोकावर सरकवली. आपल्याला कुणी वाचवलं नाही, हे त्या बाईंना सांगून उपयोग नव्हता आणि ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मान वर केली नाही. तुम्ही इथे थांबायचात ना, एवढंच त्यांनी विचारलं. पाटीवालीने हो म्हटलं.

बाईंनी ग्रीस लावलेला स्क्रू स्वतः फिरवून काढला. पाटी छातीशी न धरता लांब, दोन बोटांनी धरून त्या मागच्या बाजूला गेल्या. तिथे गाड्या दुरुस्त करायचा खड्डा होता, अकरा वर्षांच्या तेलाने आणि पाण्याने भरलेला. वर काळी साय धरली होती. बाईंनी पाटी आत टाकली. हरीण क्षणभर सायीवर तरंगलं, मग एका कडेने कलत कलत आत गेलं. बाईंच्या पांढऱ्या कपड्यांवर काळे शिंतोडे उडाले. त्यांनी ते झटकले नाहीत. बाकीचा माल न्या म्हणाल्या, पण पाटीवालीने फक्त दिवा आणि मापं घेतली. उतरवलेल्या नऊ पाट्या ऑफिसच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. त्यांना हात लावावासा वाटेना.

परतीच्या वाटेवर दीर समोर बघत नुसता टेम्पो चालवत होता. घराजवळ आल्यावर त्याने विचारलं, तिला सांगायचं का. तुमची बायको आहे, तुम्ही ठरवा, असं ती म्हणाली.

चार दिवस गेले. दीर जेवताना बायकोकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. त्याच्याने ते होणार नाही हे पाचव्या दिवशी स्पष्ट झालं, तेव्हा पाटीवालीने जावेला गच्चीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं, दिराच्या हसण्यासकट. ते मात्र वगळावं की काय असं तिला आधी वाटलं होतं.

जाऊ कपडे वाळत घालत होती. तिने हातातला टॉवेल पिळायचा तेवढा पिळला, मग अजून पिळला. "प्रत्येक वेळी?" तिने विचारलं.

"कुणास ठाऊक. माहीत नाही, तेच तर."

"त्या माणसाची मी एकदा हात जोडून माफी मागितली होती, जास्त वेळ लागला म्हणून," जाऊ म्हणाली. "आणि हे हसले?"

"हसले. मग नाही हसले."

जाऊ खाली गेली. सकाळी आंघोळ झालेली असूनही न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज आला आणि बराच वेळ पाणी पडत राहिलं. पाटीवालीने उरलेले कपडे वाळत घातले. मग तीही खाली उतरली आणि तिच्यामागून आंघोळीला जायला दाराशी टॉवेल घेऊन उभी राहिली.