गुणाजींच्या खांद्यांतला उजेड

मित्रांनो, मी जुना पेट स्कॅनर आहे. पण आज मला अजिबात जुने वाटत नाही. आज सकाळी जे पाहिले, ते कधी एकदा तुम्हाला सांगतो असे मला झाले आहे!

मला पाहून मुलांना भल्यामोठ्या मेदूवड्याची आठवण होते. मधल्या भोकातून रुग्णाचा पलंग सरकतो. भोकाभोवती बारीक स्फटिकांची वर्तुळे आहेत, तेच माझे डोळे. मुंबईच्या एका रुग्णालयात मी अनेक वर्षे राबलो. डॉक्टर माझी वाहवा करत. मग तिथे नवे, वेगवान यंत्र आले आणि मला तळघरात टाकले. माझ्यावर रिकामी खोकी रचली गेली. फार एकटे वाटायचे. शेवटी एक दिवस अभियंते आले, त्यांनी माझे निकामी भाग बदलले आणि ट्रेलरवर चढवून मला रत्नागिरीच्या रुग्णालयात आणले.

माझे काम मोठे गमतीचे आहे. रुग्णाला शिरेतून साखरेसारखे एक औषध देतात. त्याला किरणोत्सर्गी अणू जोडलेला असतो. ज्या पेशी जास्त साखर खातात, तिथे ते औषध साठते आणि तिथून निघणारे किरण मी टिपतो. कर्करोगाच्या बहुतेक पेशी भारी खादाड! म्हणून त्या चित्रात चमकतात. पण मेंदूही चमकतो आणि राबलेला स्नायूही चमकतो. घोटाळा झाला तो इथेच.

मागच्या आठवड्यात बुरोंडी गावचे गुणाजी आले. साठीतले, रुंद खांद्यांचे, जन्मभर मासेमारी केलेले. छातीतल्या कर्करोगाच्या गाठींसाठी त्यांचे केमोचे उपचार चालू होते. गाठी विझल्या असतील तर केमो थांबणार होता. नसतील तर आणखी घ्यावा लागणार होता. सोबत बायको आवडाबाई होत्या. दोघे आदल्या संध्याकाळीच येऊन इथल्याच मिरकरवाड्यात लेकीकडे उतरले होते.

"काही खाल्लंत का, काका?" आमच्या तंत्रज्ञ नेत्राताईंनी विचारले.

"नुसतं पाणी. चहासुद्धा नाय, बाय."

"काल काही जड काम?"

"छे छे!"

नेत्राताईंनी बोट टोचून रक्तातली साखर तपासली आणि औषध दिले. मग त्यांना मंद उजेडाच्या खोलीत पांघरूण घालून तासभर पडून राहायला सांगितले. बोलायचे नाही, काही चघळायचे नाही. कारण बोलताना गळ्याचे स्नायूसुद्धा औषध ओढून घेतात.

"तासभर गप?" आवडाबाई म्हणाल्या. "बाय, हे औषध घरी न्यायला मिळेल काय?"

तासाने लघवीला जाऊन आल्यावर गुणाजी माझ्यासमोर आले. "या बिळात घालताव काय मला?"

"दोन्हीकडून उघडं आहे, काका. दुखत नाही. फक्त हलू नका."

पलंग सरकला. मी पाहू लागलो. छातीत अंधार! मी हरखून गेलो. पण खांदे, दंड आणि पाठ मात्र नुसती पेटली होती.

डॉक्टर वेदिकांनी चित्र पाहिले आणि त्या थेट बाहेर आल्या. "काका, काल काय केलंत?"

"काय नाय."

"खोटं कशाला बोलताव?" आवडाबाई कडाडल्या. "होडी कोणी ओढली?"

"ओढली नाय. दोर धरला. पावसाआधी होडी वर घेतात, तेव्हा पहिला हात मालकाचा. त्याशिवाय आमच्याकडं कोण दोराला शिवत नाय."

"आणि धरल्यावर सोडलात काय?"

गुणाजींनी तळवे पाठीमागे लपवले.

"तुमच्या खांद्यांनीच बरंच औषध ओढून घेतलं," डॉक्टर म्हणाल्या. "गाठींपर्यंत पुरेसं पोचलं नसेल, तर त्या असूनही दिसणार नाहीत."

"म्हणजे अजून केमो?" गुणाजींनी विचारले.

"म्हणजे अजून कळलेलं नाही. पुढच्या आठवड्यात परत या. तोवर दोराकडे बघायचंसुद्धा नाही."

आणि आज ते परत आले!

"बादलीसुद्धा उचलू दिली नाय मी," आवडाबाईंनी आल्या आल्या सांगितले.

"जेवायला तरी हात मोकळे ठेवलेत, हे नशीब!" गुणाजी म्हणाले.

पुन्हा तीच सुई, तोच गप्प तास, तोच पलंग. माझा प्रत्येक स्फटिक अधीर झाला होता. मेंदू लखलखला, मूत्राशय चमकले, यकृत मंद उजळले. सगळे जिथल्या तिथे. खांदे शांत. आणि छाती? ती काळीभोर! आता औषध पळवणारे कोणी नव्हते. हा अंधार खरा होता.

डॉक्टर वेदिकांनी चित्र पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले. "काका, गाठी विझल्यात. तुमच्या डॉक्टरांना तसं कळवते. केमो थांबेल."

गुणाजींनी डोळे पुसले. "आता घरी जाऊन नातीला उचलतो!"

"आज नाही," नेत्राताई म्हणाल्या. "अंगात अजून थोडे किरण आहेत. भरपूर पाणी प्या आणि आजचा दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा."

"मी जवळ गेले तर चालेल?" आवडाबाईंनी विचारले.

"तुम्ही खुशाल जा."

आणि एवढी कडाडणारी बाई नवऱ्याच्या त्या रुंद खांद्यावर डोके टेकून हमसून हमसून रडली.

मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी या तपासणीला निघाले, तर आदल्या दिवशी त्यांच्या हातातली कामे काढून घ्या. विचारतील ते खरे सांगायला लावा. आणि माझ्यासारख्या जुन्या यंत्राची वेळेवर देखभाल होऊ द्या. असा काळाभोर, खरा अंधार मला अजून कितीतरी जणांच्या छातीत पाहायचा आहे!