आक्काताईंचं अक्षर

पल्लवीची मूळ गुणपत्रकं वीरधवल सरांच्या कपाटात अडकली होती. विश्रामबागेतल्या त्यांच्या वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात नोकरीला लागताना सरांनी ती ‘जमा’ म्हणून ठेवून घेतली, आणि वडूजच्या या पोरीनेही भाबडेपणाने दिली. आता पुण्यात पुढच्या शिक्षणासाठी तिचा नंबर लागला होता. उद्या पाचपर्यंत कागद दाखवले नाहीत, तर जागा जाणार. सर म्हणाले, “पायगोंडाआण्णांनी वेबसाइट पास केली, की कागद तुझे.” माणसाला असं दावं लावून ठेवतात याचा तिला संताप यायचा, पण किल्ली सरांच्या खिशात होती.

आण्णांचा मसाल्याचा धंदा. पुडीवरचं नाव चाळीस वर्षं त्यांच्या बायकोच्या, आक्काताईंच्या वळणाचं. त्याच वळणाचा फॉन्ट करून घेतला होता आणि तो साइटच्याच सर्व्हरवर ठेवायचा होता. पल्लवीने डोकं चालवून एकच फाइल ठेवली, वॉफ-टू. सगळ्यात हलकी, मोबाइलवर झटकन उघडणारी.

आण्णांनी मात्र पल्लवीला पेढीवर बोलावून साइट पाहिली ती तिथल्या जुनाट कॉम्प्युटरवर. दिवस मावळायच्या आत जेवण, हा त्यांच्या जैन घरचा नेम. साडेचार वाजलेच होते, मागच्या खोलीत ताटं मांडली जात होती.

आक्काताईंनी चष्मा पुसला. “हे माझं अक्षर न्हवं गं. सरकारी नोटिशीवानी दिसतंय.”

पल्लवीने ब्राउझर तपासला. मग तिच्या ध्यानात आलं, त्या म्हाताऱ्या ब्राउझरला वॉफ-टू कळतच नव्हतं. मशीनमधलं साधं अक्षर लावून तो मोकळा झाला होता. मूळ टीटीएफ फाइल टाकली तर चाललं असतं, पण ती जड, आणि पेढीचं नेट रांगणारं. तिने लॅपटॉपवर त्याच फॉन्टची जुन्या पद्धतीची वॉफ फाइल बनवली. दोन्ही साइटच्या कोडमधल्या फॉन्टच्या यादीत टाकल्या: आधी वॉफ-टू, खाली वॉफ. ब्राउझर वरून बघत येतो आणि कळेल ती पहिली फाइल उचलतो.

“आवं आक्काताई, आता बघा.”

पान उघडलं. ‘हळद’मधल्या ळची ती ऐटदार गाठ दिसली आणि आक्काताई चक्क लाजल्या.

आण्णांनी लगेच फोन लावला. पल्लवी बॅग आवरू लागली. ऑफिसातून कागद घेऊन पुण्याची संध्याकाळची एसटी सापडली असती.

“वीरधवल, साइट पास! लय गुणाची पोरगी हाय. वर्षभराचं काम तुलाच देतो, पर हिनंच बघायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात देनार न्हाई.”

फोनमधून सरांचं हसणं तिला स्पष्ट ऐकू आलं. “ती कुठं जातेय, आण्णा? तिचे कागद माझ्यापाशीच आहेत.”

पल्लवीला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात आक्काताईंनी हात धरून तिला मागच्या खोलीत नेलं आणि ताटावर बसवलं. “दिवस हाय तवर दोन घास खा. आता आमी तुला सोडत न्हाई.”

“मला पुण्याला जायचंय, आक्काताई,” ती कशीबशी म्हणाली.

“जाशील गं कवातरी,” म्हणत आक्काताईंनी मायेने दुसरी भाकरी वाढली.