डब्यातला मणी

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. बोईसरच्या कारखान्यात यंत्र आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्यांचा मी झालो. डोंगराकडच्या अंगणवाडीत सेविका दीपिकाबाईंनी माझ्यावर दोन रकाने आखले, एक वरच्या पाड्याचा, एक खालच्या. किलोच्या रेघांवर खिळे ठोकले. तीन वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या नावाचा एक मणी. जेवढं वजन, त्या रेघेवर टांगायचा. तळाची रेघ लाल होती. येणारा-जाणारा मला बघे आणि मी फुगत असे.

वरच्या पाड्याचे मणी नेहमी खाली लोंबत, म्हणून तिथल्या मुलांना जादा आहार मिळे. दिवाळीनंतर तिथली बरीच घरं आणि खालच्या पाड्याची दोन-चार वैतरणेकडे वीटभट्टीवर गेली. त्यांच्या मुलांचे मणी बाईंनी डब्यात ठेवले. ज्यांना घरी खायला पुरत होतं, तीच मुलं मागे राहिली. तपासणीच्या मॅडम माझ्यासमोर थांबल्या.

“वा! वरचा पाडा खालच्याच्या बरोबरीला आला की!”

टाळ्या झाल्या. वरच्या पाड्याचा जादा आहार बंद झाला. मी मिरवलो, मित्रांनो. आता वाटतं, मला भिंतीकडे तोंड करून टांगावं.

पावसाच्या तोंडावर भट्टी बंद झाली आणि वरच्या पाड्याची बायडी परतली. कडेवर तिची मंगली, मान टाकलेली. बायडीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“बाई, माज्या पोरीचा मणी कुठं हाय?”

“तुम्ही इथे नव्हता ना, म्हणून काढून ठेवला.”

“मेल्यावर काढतात मणी. माजी पोर जिती हाय.”

बाईंनी मंगलीचं वजन केलं. ते लाल रेघेच्याही खाली भरलं. तिथे खिळाच नव्हता. तो ठोकताना मला दुखलं नाही, लाज वाटली.

मंगलीला दवाखान्यात नेलं. बाईंनी माझे दोन्ही रकाने उभ्या रेघेने मधोमध चिरले: घरी राहिलेली मुलं आणि भट्टीवर गेलेली. परतलेल्या सगळ्या मुलांचं वजन करून डबा रिकामा केला. भट्टीच्या बाजूचे मणी दोन्ही पाड्यांत तळाशी दाटले. त्याच दिवशी बाईंनी आहार पुन्हा मागितला.

मंगली अजून दवाखान्यातच आहे. तिचा मणी मात्र जागेवर आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या फळ्याला कुणी छान म्हणालं, तर टाळ्या वाजवू नका. आधी जवळचा डबा वाजवून बघा.